धरणाकाठची सुरमई

सुट्टीच्या दिवशी खडकवासल्याच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. कणीस, कांदाभजी, पिठलं-भाकरी हे तिथलं जुनं खाणं. आता सिंहगड रस्त्यावर आणि पुढे पानशेतच्या वाटेवर मासे-थाळीच्या पाट्याही भरपूर झाल्या आहेत. पाण्याकडे तोंड करून टेबलं मांडलेली असतात आणि पाटीवर ठळक नावं सुरमई, पापलेट, बोंबील यांची. काही टपऱ्यांवर धरणातला मासा तळून मिळतो, पण मोठ्या हॉटेलांत त्याला मान नाही. पाण्याकाठी बसून मासे खाण्याची हौस अगदी रास्त आहे. मला खटकतं ते हे, की समोरच्या पाण्यातल्या माशाची चौकशीही कुणी करत नाही.

याची सर्वांत मोठी विसंगती पावसाळ्यात दिसते. खडकवासल्याला खरी झुंबड उडते जून-जुलैत, आणि नेमक्या त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीसाठी ती हवीच. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडचा माल बर्फात घालून इकडे येऊ शकतो. नाहीतर शीतगृहातला साठा आहेच. असा मासा वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण जुलैत ‘ताजी सुरमई’ असं लिहिलेलं वाचल्यावर ती कुठून आली, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाला पुण्यात परंपराच नाही, हा आक्षेप तर मुळीच टिकत नाही. मुळा-मुठेच्या काठी भोई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी केली आहे. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं, ते पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. ज्या नदीच्या माशाची नोंद जगाच्या शास्त्रात आहे, तिच्याच काठी त्याचं नाव लोकांना ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. महसीर आज ताटात यावा असं माझं मुळीच म्हणणं नाही; त्याला जपायलाच हवं. रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट वेगळी आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, तलावांत त्यांचं बीज सोडावं लागतं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून त्यांची वीण करवली आणि देशभरच्या तलावांना बीज मिळण्याची वाट मोकळी झाली.

राहिला चवीचा प्रश्न. काटे फार आणि मातीचा वास येतो, ही तक्रार खरी आहे. तो वास पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या द्रव्याचा असतो आणि आंबटाने कमी होतो. चिंच-कोकम लावण्याची आपली घरगुती रीत म्हणूनच उपयोगाची आहे. पण खरं उत्तर भिगवणला आहे. सोलापूर रस्त्यावर उजनीची चिलापी आणि मरळ खायला लोक मुद्दाम गाडी थांबवतात. आता नकाशा पाहा. पुणं खडकवासल्यातून पिण्याचं पाणी घेतं. वापरलेलं पाणी, बरंचसं पुरेशी प्रक्रिया न होताच, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं. म्हणजे पुण्याच्या सांडपाण्याखालच्या धरणातला मासा आपण नावाजतो आणि पिण्याच्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतो. ही आवडनिवड चवीतून आलेली नाही, सवयीतून आलेली आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य करावाच लागतो. खडकवासला लहान आहे, जेमतेम दोन टीएमसीचं, आणि उजनी त्याच्या पंचवीस पटींहून मोठी. सुट्टीच्या गर्दीला पुरेल एवढा मासा या एका धरणातून काढायला लागलो, तर तळं ओरबाडलं जाईल. शिवाय हे पिण्याचं पाणी आहे; काठावरच्या हॉटेलांचं खरकटं आणि वरच्या वस्त्यांचं सांडपाणी त्यात उतरत असेल, तर ताटातल्या माशावर वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हा सुरमई हद्दपार करा असं मी म्हणणार नाही, आणि कोकणातून आलेल्या पुणेकरांना तर ते सांगूही नये. पानशेत-वरसगाव धरणांतला मासा धरून थोडाच मिळाला, तरी त्याचं नाव आणि गाव पाटीवर लिहिलेलं असावं. हॉटेलवाले ते आपणहून लिहिणार नाहीत. म्हणून पुढच्या वेळी धरणाकाठी जेवायला बसाल, तेव्हा ऑर्डर देण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा: मासा कुठला, आणि भांडी घासलेलं पाणी कुठे जातं?