सॉफ्ट टच, आता हात सोड!

प्रिय सॉफ्ट टच,

पत्रास कारण की, तू हाताला लागलास. माझ्या टेबलावर फेरारी ३६० मोडेनाचं एसीचं पॅनेल पडलं आहे. ते नुसतं उचलून बाजूला ठेवलं, तर माझ्या अंगठ्याचा ठसा त्याच्यावर आणि त्याचं काळं माझ्या अंगठ्यावर. गाडीचं वय वीसच्या पुढे असलं तरी ती धावली थोडी. इंजिन ठणठणीत, सीटचं कातडं शाबूत. बिघडलायस तो तू एकटा, पावसाळ्यात पाघळलेल्या गुळासारखा.

तुला नावानं ओळखणारे थोडे, म्हणून आधी तुझी ओळख करून देतो. नव्वदच्या दशकात मोटारी बनवणाऱ्यांना आपल्याच प्लॅस्टिकची लाज वाटू लागली होती. प्लॅस्टिक हलकं, स्वस्त, हव्या त्या आकारात ओतता येणारं. पण स्पर्शाला कडक, नख आपटलं की पोकळ वाजणारं आणि उन्हात डोळ्यांवर चमकणारं. त्यावर तुझा एक हात मारला की काम भागत होतं. पॉलियुरेथेनचा मऊ, मॅट, किंचित रबरी थर, जाडीला केसाहूनही कमी. शोरूममध्ये गिऱ्हाइकानं बटणावर बोट फिरवलं की त्याला वाटायचं, वा, काय दर्जा आहे! फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये तू होतास, पोर्शच्या ९९६ मध्ये होतास आणि मारानेल्लोच्या फेरारींमध्ये तर ३५५ पासून तुझं बस्तानच बसलं. काच खाली-वर करायची बटणं, हवेचे व्हेंट, रेडिओभोवतीची चौकट, एसीचं पॅनेल. ड्रायव्हरचं बोट जिथे जिथे जाईल, तिथे तू हजर.

मराठी घरांत ३६० मोडेना पोचली ती २००२ साली. सचिननं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियाटनं त्याला ही गाडी भेट दिली, किल्ली फेरारीचा शर्यतपटू शूमाकर याच्या हातून मिळाली. मग एक कोटीहून जास्त सीमाशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला आणि शेवटी ते शुल्क फियाटनंच भरलं. २०११ मध्ये गाडी सुरतेला विकली गेली. पुढच्याच वर्षी त्या फेरारीवरून हिंदी सिनेमा आला. एवढी सगळी चर्चा झाली ती लाल रंगाची, कराची आणि वेगाची. आत डॅशबोर्डवर हाताला काय लागतं, हे कोणी विचारलं नाही. खुद्द कंपनीनंही इंजिन दिसावं म्हणून मागे काचेचं झाकण बसवलं होतं, सांगाडा ॲल्युमिनियमचा केला होता, ४०० अश्वशक्तीचा बोलबाला होता. गाडी चालवणारा मात्र त्यातल्या कशालाच हात लावत नाही. तो हात लावतो तुला.

तुझा दोष रसायनाचा आहे, वापराचा नाही. तुझ्या जुन्या घडणीत पॉलिएस्टरच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या जोडांना पाण्याचं वावडं असतं. हवेतली वाफ आत शिरते, जोड तुटतो, तुटताना आम्ल तयार होतं आणि तेच आम्ल पुढचे जोड तोडायला मदत करतं. म्हणून तू वर्षानुवर्षं ठीक दिसतोस आणि मग बघता बघता ढासळतोस. उष्णता आणि दमटपणा मिळाला की आणखी लवकर. गॅरेजमध्ये कापड टाकून जपून ठेवलेल्या गाडीतही तू चिकटतोस, आणि मालकाला कळत नाही की आपलं चुकलं कुठे. कपाटात ठेवलेले बूट चार वर्षांनी काढले की सोल भुगा होऊन पडतो, तेही बऱ्याचदा तुझ्याच कुळातलं पॉलियुरेथेन असतं. जुन्या दुर्बिणी, छत्रीच्या मुठी, संगणकाचे माऊस, सगळीकडे तुझे भाऊबंद सापडतात.

लोक तुझ्यावर टाल्कम पावडर मारतात. चार दिवस तू कोरडा वाटतोस, मग पावडर आणि तू मिळून राखाडी लगदा होतो. काही जण वैतागून थिनरचा बोळा फिरवतात. ही तर आत्महत्याच, कारण तुझ्याखाली बहुतेक ठिकाणी एबीएस प्लॅस्टिक असतं आणि रंगाच्या दुकानातल्या थिनरमधल्या ॲसिटोन-टोल्यूइननं तेही विरघळू लागतं. तू जातोस, पण बटणाच्या कडाही तुझ्याबरोबर जातात.

तुझ्यावर लागू पडतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिकाटी. आधी बॅटरीची ऋण तार सुटी करायची, मग क्लिपा न मोडता पट्ट्या काढायच्या. वीस वर्षांनी क्लिप ठिसूळ झालेली असते, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर खुपसणाऱ्याला तिथेच प्रायश्चित्त मिळतं. प्लॅस्टिकची चपटी पट्टीच हवी. सुटा केलेला भाग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. तू फुगतोस, सुरकुततोस, मग प्लॅस्टिकच्या खरवडणीनं आणि टूथब्रशनं तुला ओढून काढायचं. हातमोजे बदलत राहायचे, नाहीतर एका बटणावरचा तू दुसऱ्यावर जाऊन बसतोस. रंगकामाचं कौतुक सगळे करतात, पण माझ्या मते या कामाची कसोटी रंगात नाही, इथे आहे. फवारा मारायला काही मिनिटं लागतात. तुला काढण्यात दिवस जातात.

एका बाबतीत मात्र तू खरोखर लबाड निघालास: जाताना चिन्हं घेऊन जातोस. पंख्याचं चित्र, काचेवरच्या वाफेची नागमोडी रेघ, सगळं तुझ्याच अंगावर छापलेलं. जी बटणं रात्री उजळतात, त्यांची रचना आणखी नाजूक. खाली प्रकाश जाऊ देणारं पांढरं प्लॅस्टिक, वर काळा थर, आणि लेझरनं तेवढाच काळा थर उडवून कोरलेलं चिन्ह. म्हणून काढण्याआधी प्रत्येक बटणाचा सरळ समोरून फोटो घ्यावा लागतो, मोजपट्टी शेजारी ठेवून. नंतर रंग देऊन चिन्ह पुन्हा लेझरनं कोरायचं, नाहीतर पाण्यानं सुटणारं डिकॅल लावून त्यावर मॅट क्लिअर मारायचा. डिकॅल स्वस्त पडतं, पण तिरकस उजेडात त्याची कड दिसते. मला लेझरच पटतं.

पुढचं काम आपल्या डेंटर-पेंटरना पाठ असतं. चारशेचा वॉटर पेपर, मग सहाशे, मग आठशे. एबीएसवर साधा प्लॅस्टिक प्रायमर धरतो; पॉलिप्रोपिलीन असेल तर आधी चिकटपणा वाढवणारं द्रावण हवं, नाहीतर नखानं रंग सोलून निघतो. सॅटिन काळ्याचे पातळ हात, दोन हातांमध्ये थांबणं. मोह होतो जाड हात मारण्याचा. पण बटणाला त्याच्या खाचेत सरकायचं असतं. थर जरा वाढला की दाबलेलं बटण वर येत नाही, आणि सुंदर रंगवलेलं पॅनेल पुन्हा खरवडावं लागतं. पावसाळ्यात हे काम हाती घेऊच नये. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, आणि हार्डनरवाल्या रंगात ओल शिरली तर बारीक बुडबुडे उठतात. त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा होऊ शकतो, तरी आमच्याकडे अनेक गॅरेजांत नाकाला रुमाल बांधून फवारणी चालते. फेरारीवाल्यानं तरी पेंटरसाठी नीट मास्क आणून द्यावा, एवढी माझी आगाऊ सूचना.

आता तुझ्या वकिलांचं म्हणणं. ते म्हणतात, गाडी मूळची हवी, म्हणजे मऊ थरच पुन्हा चढवला पाहिजे. पॉलिकार्बोनेटच्या साखळ्यांवर बेतलेले तुझे नवे अवतार पाण्याला सहजी दाद देत नाहीत, हेही खरं. शिवाय बोटाला फरक कळतो. कडक सॅटिनचा स्पर्श कोरडा असतो आणि ३५५ किंवा ३६० नवी असताना जो त्यात बसला होता, त्याला तो परका वाटणार. हे मी नाकारत नाही. तरीही माझा कौल कडक सॅटिनलाच. काळ्याची छटा, चमकेची पातळी, चिन्हांचा आकार आणि जागा यांत तसूभर फरक चालणार नाही. पण ज्या मऊपणाचा उपयोग प्लॅस्टिक लपवण्यापुरता होता, तो मूळ वारसा म्हणून पुजायला मी तयार नाही. घासून स्वच्छ केलेलं एबीएस हातात घेतलं की त्याच्या कडा, साच्याची बारीक रेघ, मागे ओतलेले भाग क्रमांक दिसतात. नेटकं ओतकाम आहे ते. त्याला तुझ्या पांघरुणाची गरज होती, असं मला वाटत नाही. स्पर्धेत परीक्षकाला दाखवायची गाडी असेल तर मालकानं हवं ते करावं. माझ्याकडे आलेलं पॅनेल चालवायच्या गाडीतलं आहे.

तेव्हा एकच विनंती. सपाट जागेवरून तू सुटतोस, त्याबद्दल तक्रार नाही. व्हेंटच्या पात्यांच्या मुळाशी, जिथे ब्रश पोचत नाही आणि कापसाचा बोळा धागे सोडून येतो, तिथे तू अजून ठाण मांडून बसला आहेस. दुपारपासून अल्कोहोलात भिजत ठेवलाय तुला. मालकाचा दोनदा फोन येऊन गेला आहे. जरा लवकर सुट.

कळावे,
तुझा वैतागलेला
एक खरवडणारा