इमारत उभी राहील, पण शाळा भरेल का?



मराठी शाळेसाठी मंडळाची स्वतःची वास्तू असावी, हा विषय पुन्हा निघाला आहे. जागा, देणग्या, पार्किंग, स्वयंपाकघर, सगळ्यांवर भरपूर बोलणे झाले. कॅलिफोर्नियात राहूनही भूकंपाचा विषय मात्र "कोडप्रमाणे बांधलेली आहे ना, मग झाले!" एवढ्यावर मिटला. तो तेवढ्यावर मिटू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी स्थापत्य अभियंता नव्हे, रसायनशास्त्राची माणूस. पण वास्तू समितीवर नाव आल्यापासून या विषयाचे वाचन केले. त्यातून पहिली गोष्ट कळली ती अशी, की कोडचे वचन मर्यादित आहे. मोठ्या भूकंपात इमारत कोसळू नये आणि माणसे जिवंत बाहेर पडावीत, एवढे ते पाहते. नंतर ती वापरता येईल किंवा दुरुस्ती परवडेल, अशी हमी साध्या इमारतींना कोड देत नाही.

सिल्मारचे ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय पाहा. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात ते नवे कोरे असतानाच निकामी झाले. त्याच्या जागी अतिशय भक्कम इमारत बांधली. १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा ६.७ तीव्रतेचा भूकंप आला, तेव्हा तिचा सांगाडा नीट उभा राहिला. पण आतले नळ फुटले, मजल्यांवर पाणी झाले आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले.

असे नुकसान आधीच अंदाजण्यासाठी संगणक-प्रणाली आहेत. 'फेमा' या सरकारी संस्थेची 'हॅझस' १९९७ मध्ये निघाली. ती मुख्यतः एखाद्या शहराचा किंवा काउंटीचा हिशेब करते आणि त्यासाठी इमारतींचे ३६ नमुने धरते. एकट्या इमारतीसाठी २०१२ मध्ये 'पी-५८' ही पद्धत आणि तिच्यासोबत 'पॅक्ट' ही प्रणाली आली. तिला खांब-तुळयांबरोबर आतल्या भिंती, छताच्या फरश्या, नळ, लिफ्ट यांचीही यादी द्यावी लागते. किती हादऱ्याला कोणती वस्तू मोडण्याची शक्यता किती, हे तिच्याकडे नोंदलेले असते. मग ती तोच भूकंप थोड्याथोड्या फरकाने शेकडो वेळा घडवून पाहते आणि दर वेळी दुरुस्तीचा खर्च, लागणारे दिवस आणि जखमी-मृतांची संख्या मांडते. म्हणून उत्तर एका आकड्यात येत नाही. बहुतेक वेळा एवढे, क्वचित एवढे, असे येते.

अर्थात आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तराजू कितीही अचूक असला तरी नमुनाच भलता घेतला तर उत्तर भलतेच, हे प्रयोगशाळेत रोज दिसते. इथल्या लाकडी घरांवर बेतलेली वक्ररेषा किल्लारीच्या दगड-मातीच्या जाड भिंतींना लावली, तर १९९३ साली तिथे जे घडले त्याचा अंदाज ती देणार नाही. इमारत खरोखर कशी आहे, हे कोणीतरी जाऊन पाहावेच लागते.

इमारत विकत घेताना आपल्या हाती येईल तो मात्र लहान अहवाल, ज्याला बाजारात 'पीएमएल' म्हणतात. त्यात नुकसान टक्क्यांत देतात. इमारत नव्याने बांधायला समजा १० लाख डॉलर लागणार असतील, तर २० टक्के म्हणजे दोन लाखांचा फटका. हा आकडा साधारणपणे '४७५ वर्षांच्या' भूकंपासाठी असतो. ते वाचून कोणी हसेल, "तोवर कोण राहतंय?" पण त्याचा अर्थ, ५० वर्षांत तेवढा हादरा बसण्याची शक्यता १० टक्के, म्हणजे दहात एक. पंचवीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने हसण्यासारखी ही गोष्ट नाही.

शिवाय अहवालात सरासरी नुकसानीचा आकडा वेगळा आणि दहात एकदाच ओलांडला जाईल असा वरचा आकडा वेगळा. दोन्ही मागून घ्यावेत. अभियंत्याने जागेवर जाऊन, नकाशे पाहून अहवाल केला की टेबलाशी बसून, तेही विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा टक्का कर्ज देणाऱ्याच्या काळजीतून जन्मला आहे. त्याला आपले पैसे बुडतील का, हे पाहायचे असते. इमारत कोसळण्याचा धोका आहे का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तरही अहवालात स्वतंत्र असावे लागते. टक्का कमी दिसला म्हणून ते पान उलटून पुढे जाऊ नये. रविवारी सकाळी त्या वर्गांत आपली मुले बाराखडी गिरवत बसणार आहेत.

म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तीन सूचना मांडणार आहे. ऑफर देण्यापूर्वी, इमारत प्रत्यक्ष पाहून केलेला अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्यावा. तो सर्व सभासदांना वाचायला द्यावा. आणि कपाटे भिंतीला बांधणे, छत व नळांना आधार देणे यांचा खर्च रंगरंगोटीच्या आधी अंदाजपत्रकात धरावा. अहवालाचे पैसे जागा न घेतल्यास वाया जातील, असा आक्षेप येईल. माझ्या मते नको ती जागा टळली, तर ते पैसे वसूल झाले. आपल्यात स्ट्रक्चरलवाले कोणी असतील तर त्यांनी सभेला जरूर यावे, आणि माझे म्हणणे खोडायचे असेल तर तिथेच खोडावे.