सशाचे वजन

ससा गुबगुबीत दिसतो तो केसांमुळे. खरी प्रकृती हाताला कळते. नात्यातले एक कुटुंब बदलीच्या गावी निघाले आणि त्यांचा पांढरा ससा पेडगावात आमच्याकडे आला. मुलीने उचलताच ती म्हणाली, "अम्मी, याची हाडं टोचतात." कण्याचा एकेक मणका बोटाला लागत होता. काट्यावर भरला १ किलो १५० ग्रॅम. त्याच्या चणीचा पूर्ण वाढलेला ससा दोन किलोच्या आसपास असायला हवा.

शेजारच्या खालांनी विचारले, "टीचर, मोटा करके काटते क्या?" मुलगी दोन दिवस त्यांच्या घरी गेली नाही. ससा हलाल, तेव्हा प्रश्नात गैर काही नव्हते. पण तोवर त्याचे नाव 'रुई' पडले होते.

दुबळे जनावर म्हटले की आपल्याकडे पहिला उपाय खुराक. पोळी, बिस्कीट, भिजवलेले हरभरे असे सल्ले आले. यापूर्वी रुई वाढला होता तोही पोळी-बिस्किटांवरच. सशाचे आतडे चालते ते गवताच्या चोथ्यावर. पीठ-साखर जास्त झाली की पोटात वायू धरतो, आणि सशाला ओकता येत नाही. म्हणून आम्ही हराळी, कडब्याची पाने आणि लसूण घास सुरू केला. लसूण घासात प्रथिने आणि कॅल्शियम जास्त. अशक्त सशाला तो चालतो, पुढे अंग धरल्यावर कमी करावा.

दर शुक्रवारी सकाळी वजन करून वहीत लिहायचो. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम वाढले, दुसऱ्यात ३० घटले. रुई भांड्याकडे धावत यायचा, काडी तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटी सतत ओली. भूक होती, खाता येत नव्हते.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे आपल्या भागाचे नशीबच. तिथे आधी लेंड्या तपासल्या; जंत निघाले नाहीत. मग तोंडात उजेड टाकून पाहिले. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि चरबट गवत चावूनच झिजतात. मऊ खाण्यामुळे रुईच्या दाढांना टोके आली होती, ती जिभेत रुतत होती. भूल देऊन ती घासली. भुलीआधी माणसाला उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. त्याचे आतडे थांबले तर जीव धोक्यात येतो. आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी: माणसांसाठी आणलेले अ‍ॅमॉक्सिसिलीन सशाला कधीही पाजू नये. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससाही जाऊ शकतो.

त्यानंतरचे दिवस रमजानचे. वाळलेला लसूण घास कुटून, कोमट पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडे थोडे भरवायचे, दर तीन-चार तासांनी. सहेरीला उठणे होतेच, त्यामुळे पहाटेची वेळ चुकली नाही. मी शाळेत असताना दादी भरवायच्या. आधी कुरकुरल्या, मग भरवता भरवता नातीला त्या उंटाची हदीस सांगू लागल्या, ज्याचे पोट पाठीला लागलेले पाहून प्रेषितांनी (स.) मुक्या जनावरांबाबत अल्लाहचे भय बाळगायला सांगितले होते.

मुलीकडे लेंड्या मोजायचे काम. संख्या घटली किंवा आकार बारीक झाला की आतडे मंदावले समजायचे. रात्रीच्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो. दादींना ते पाहवेना, पण त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात, अडवू नये.

पाचव्या रात्री तरावीहच्या वेळी पिंजऱ्यातून कडब्याचे पान करकर चावल्याचा आवाज आला. दोन दिवसांनी सिरिंज बंद केली. ईदनंतरच्या शुक्रवारी वजन १ किलो ३९० ग्रॅम भरले, आता १ किलो ८२० आहे. आपल्याकडच्या उन्हात ससा खाणेच सोडतो, म्हणून दुपारी पिंजऱ्यावर ओले पोते टाकतो. दाढा पुन्हा दाखवायची तारीख वहीत लिहून ठेवली आहे. शेतातून येताना खाला हराळीची पेंढी घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, "आज कित्ता भरा?"