माळ्यावरच्या पितळी ताटास

प्रिय पितळी ताटा,

महालक्ष्म्या तोंडावर आल्या. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी आमच्याकडे पंगत आहे आणि यंदा तुला माळ्यावरून खाली काढायचं ठरलंय.

हल्ली तुझी भारीच चलती आहे. हॉटेलांत तू मिरवतोस, दिवाणखान्यांत लोक तुला भिंतीवर टांगतात. परातीत पाणी भरून झेंडूच्या पाकळ्या सोडतात त्याचं मला काही नाही. पण ताट भिंतीवर दिसलं की माझं डोकं फिरतं.

तू मूळचा भंडाऱ्याचा. नागपूरहून पूर्वेला साठेक किलोमीटरवरचं हे वैनगंगेकाठचं गाव पितळेच्या भांड्यांसाठीच ओळखलं जायचं. मग स्टील आलं: हलकं, घासायला सोपं, आंबटाला न घाबरणारं. घरोघरची ताटं मोडीत निघाली. आता नागपूरच्या इतवारीत विचारलं तर दुकानदार आधी पातळ पत्र्याचं, वरून लॅकर मारलेलं लखलखीत ताट पुढे करतो. ते शोभेचं, जेवायचं नव्हे. ‘जुनी मोड दाखवा’ म्हटल्यावर मागून तुझे भाऊबंद निघतात. हाताला जड, आणि काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं कुणाच्या तरी आहेराचं नाव. मी असंच परक्या नावाचं ताट हौसेनं घेईन.

तुझी खोड एकच, आंबट. आणि महालक्ष्म्यांच्या पानात सोळा भाज्या, पुरणपोळीबरोबर कढी आणि ज्वारीची आंबील हवीच. कल्हई नसेल तर सगळं कळकतं. म्हणून पाहुण्यांच्या आधी कल्हईवाल्याला निरोप. भट्टीवर तू तापलास की तो नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर भसकन उठतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ती लगेच पाघळते. कापसाचा बोळा फिरला की पिवळं ताट आतून चंदेरी! फोटोवाल्यांची इथेच निराशा होते, कारण त्यांना तू सोनेरी हवा असतोस. पण जेवायचं ताट आतून सोनेरी नसतंच.

गुडघ्यांमुळे आमचे पाट गेले, पंगत टेबलावर आली. टेबलाच्या मधोमध समई ठेवायचा मोह होतो, पण ज्योत थेट डोळ्यांत येते आणि तेल कापडावर ओघळतं. समई गौरींपुढेच बरी, फुलोराही त्यांच्याच डोक्यावर. टेबलावर मधे केळीच्या पानाची पट्टी पुरे. बाकी नक्षी वाढण्यातच आहे: वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. एवढं नीट वाढलं की टेबल सजतं.

आंबील मात्र कल्हई असूनही तुझ्यात ओतणार नाही. तिला पळसाचे द्रोण. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, पण पळस आपल्या विदर्भात त्याआधीही मुबलकच होता. द्रोण दुहेरी लावावे लागतात, नाहीतर आंबील ठिबकून पाहुण्यांच्या नऊवारीवर.

जेवणं उरकली की बाहेरून चिंच, आतून नुसतं साबणपाणी. मदतीला म्हणून मोरीत शिरणाऱ्या एखाद्या पाहुणीनं तारेची घासणी उचललीच, तर मी स्वतः आडवी येईन.

तुझी,
नागपूरच्या महाल भागातली एक वाढपीण