चावणाऱ्यांच्या वेळा

४ एप्रिल, बालाघाट
लेक पुण्याहून पोरांना घेऊन आली. नात चार वर्षांची, धाकटा पाच महिन्यांचा. ती यायच्या आधीच कूलर धुऊन घेतला. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची मादी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवते. टाकी कोरडी पडली तरी ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्याने खसखसून घासावं लागतं. आता दर रविवारी हेच काम, कारण उन्हाळ्यात अंड्याचा उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

हा डास दिवसा चावतो. दुपारी बाळ झोपलं की मी मच्छरदाणी लावते, तर लेक म्हणते, "आई, दिवसाढवळ्या?" म्हटलं, "हो, दिवसाढवळ्याच."

९ एप्रिल
शेजारच्या काकूंनी मायेने कापराची पुरचुंडी दिली, डास येऊ नयेत म्हणून पाळण्याला बांधायला. घेतली आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. नातीला गाठी सोडण्याचा भारी नाद. तिने सोडलेली एखादी वडी भावाच्या तोंडात गेली तर? पोटात गेलेल्या कापराने लहान पोरांना आकडी येते.

कडुनिंबाच्या धुराचंही तसंच. गोठ्यात खुशाल करावा, तान्ह्याच्या खोलीत नको. त्याच्या छातीला धूर सोसत नाही. अंगाला लावायच्या काही मलमांत डीट असतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते लावतच नाहीत. नातीला लावताना आधी माझ्या हातावर घेते, मग तिच्या पोटऱ्यांना आणि दंडांना चोळते. तळव्यांना नाही, कारण तिचा अंगठा अजून तोंडात असतो. खेळून आली की साबणाने धुवायचं.

२५ एप्रिल, बैहर
आज जागतिक मलेरिया दिवस. माझी एक जुनी विद्यार्थिनी इथल्या एका पाड्यावर आशा कार्यकर्ती आहे, तिच्याकडे एकटीच आले. घाट चढला की सालाचं जंगल लागतं. नाल्याची धार आटली आहे, पण खडकांच्या खळग्यांत स्वच्छ पाणी साचून राहिलंय. मध्य भारतात मलेरिया पसरवणारा मुख्य डास, अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस, अशाच पाण्यात वाढतो. घाण पाण्यातच डास होतात म्हणणाऱ्यांनी हे खळगे पाहावेत.

एका तापलेल्या पोराची तपासणी चालली होती. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, वर द्रावणाचे थेंब टाकले. पंधरा-वीस मिनिटं सगळं घर त्या पट्टीकडे बघत बसलं. एकच रेघ उमटली, म्हणजे पट्टी चांगली आणि त्यात मलेरिया सापडला नाही. ती म्हणाली, "बहनजी, ताप राहिला तर उद्या परत टोचते." शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून बाराशेहून अधिक गावांत असंच घरोघर फिरून ताप शोधण्याचं काम झालं. तपासणी, औषध, पाठपुरावा.

तिची खरी अडचण वेगळीच. औषध भरलेल्या मच्छरदाण्या घरोघरी आहेत, पण उन्हाळ्यात लोक त्या पेटीत ठेवतात. आत जीव घाबरतो म्हणतात, ते खोटं नाही. मोहफुलं वेचायला आया पहाटे अंधारात निघतात, पोरं अंगणात उघडी झोपलेली. आणि मलेरियाचा डास रात्री चावणारा. म्हणून तिने खाटेच्या चार पायांना बांबू बांधून अंगणातच मच्छरदाणी टांगायला शिकवलं. वारा लागतो, पोरंही आत राहतात. धुतली की सावलीत वाळवायची. उन्हात तिच्यातलं औषध मरतं.

७ मे, बालाघाट
तेंदूपत्त्याची तोडणी जोरात आहे. रात्री उकाड्याने विंचू निघतात. विंचू काही कीटक नव्हे, आठ पायांचा तो कोळ्याच्या गोतावळ्यातला, पण पोरांच्या आईला त्या फरकाचं काय? चप्पल झटकून घालायची, खाट भिंतीपासून सुटी ठेवायची, अंथरूण जमिनीला टेकू द्यायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचं प्राझोसिन लाल विंचवाच्या दंशावर वापरलं आणि कोकणात मरणारी पोरं वाचू लागली. पण औषध वेळेत मिळायला पोर मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात जायला हवं. घाम फुटला, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, तर घटकाभरही थांबायचं नाही.

१९ मे
उद्या लेक आणि पोरं गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने परत निघतील. पिशवीत लाडू, चारोळी आणि बाळाची छोटी मच्छरदाणी. लेकीला एकच गोष्ट परत परत सांगितली. मलेरियाचा ताप चावल्यावर लगेच येत नाही. एका जातीत साधारण दहा-चौदा दिवस जातात. दुसरी, व्हायव्हॅक्स, यकृतात दडून काही महिन्यांनीही उठते. तोवर पोरं पुण्यात रमलेली असतील आणि डॉक्टर विषाणूचा ताप समजून गोळी देतील.

"मग मी काय करायचं?"

"ताप आला की आधी सांगायचं, सुट्टीत बालाघाटला होतो, रक्त तपासा. त्यांनी विचारायची वाट बघायची नाही."

तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं आणि जावयालाही पाठवलं.