तेरड्याचा रंग

२४ सप्टेंबर २०२३ चा तो रविवार. गौरी-गणपतीच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो होतो. सकाळीच उठून कास पठाराची वाट धरली. फुले पाहायला गेलो असे सांगितले तर शोभून दिसेल. पण वाचकांपासून काय लपवायचे? मी पळून चाललो होतो. त्या दिवशी उदयपूरला नटी परिणीती चोप्रा आणि खासदार राघव चढ्ढा यांचे लग्न होते, आणि आठवडाभर घरी, स्टाफरूममध्ये, रिक्षात दुसरा विषय नव्हता. आमची कन्या मोबाइलवरच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवी. "तेरड्याचा रंग तीन दिवस!" असे मी तिला सुनावी. मराठीच्या प्राध्यापकाला वेळेवर म्हण सुचली की वाद जिंकल्याचे समाधान मिळते.

साताऱ्याहून पठार पंचवीसेक किलोमीटर. जीपमध्येही शेजारच्या गृहस्थाच्या मोबाइलवर तेच उदयपूर! मी खिडकीबाहेर तोंड वळवले.

वर पोचलो आणि धुके विरळ झाले. जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर, आणि त्यावर गुलाबी, निळ्या, पांढऱ्या रंगांच्या चादरीच्या चादरी. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचे नावही जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तेव्हापासून इथल्या फुलांनाही नटनट्यांसारखी गर्दीची सवय झाली आहे. जो तो फोटो काढण्यात दंग.

"सायेब, पाय मागं घ्या!" शिट्टी वाजवत एक बाई आल्या. आसपासच्या गावातल्या, राखणीला नेमलेल्या. माझ्या बुटापाशी इवलीशी जांभळी फुले होती. "सीतेची आसवं हायती ती." दिसायला एवढी नाजूक, पण मुळापाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव धरून ही वनस्पती पोट भरते, हे मी पुस्तकात वाचले होते. फूल मात्र ओळखले नव्हते.

"आणि ही गुलाबी कसली?"

"त्यो तेरडा की!"

वीस वर्षे म्हण शिकवली, आणि समोरचा तेरडा मला ओळखता आला नाही! लाज झाकायला विचारले, "याचा रंग तीनच दिवस ना?"

"एका फुलाचं तसंच. रानाचं न्हाई. एक गळतं, दुसरं उमलतं. महिनाभर रान असंच ऱ्हातं."

मी गप्प झालो. बातम्यांचेही तेच नव्हते का? एक लग्न विरते, तोवर दुसरे उमलते; रान रंगलेलेच.

बाई जवळ आल्या. "सायेब, त्या नटीचं लगीन आज हाय म्हनं?"

आणि काय सांगू! नवरी कोण, नवरदेव कुठला खासदार, लग्न कुठल्या गावी, सारे मी घडाघडा सांगितले. सगळे पाठ होते!

"शालू कंच्या रंगाचा?" त्यांच्या लेकीचे लग्न माघात ठरले होते. तेवढे मात्र मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीच कन्येला विचारले, "काय गं, तिने कोणत्या रंगाचे नेसले होते?" ती पाहतच राहिली. मग फोटो दाखवला. शालू नव्हता, घागरा होता, मोतिया रंगाचा.

आता हे त्या बाईंना कळवायचे कसे? उदयपूरच्या नवरा-नवरीची नावे मला तोंडपाठ होती; त्यांचे नाव विचारायचे राहूनच गेले.