कारभाऱ्याची खोली

कोठीची राखण ज्याच्याकडे सोपवली, त्याने कोठीतच बिऱ्हाड करावे काय? प्रश्न जुन्या वाड्यातला वाटेल. पण गेले पंधरा दिवस आमच्या तीन खोल्यांच्या जागेत याच प्रश्नाचा काथ्याकूट चालला होता.

निमित्त झाले घरच्या सर्व्हरचे. लग्नापासूनची छायाचित्रे, माझ्या व्याख्यानांची टिपणे आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या हे सारे एके ठिकाणी असावे, म्हणून चार कप्प्यांची पेटी घेतली. आई आता नाही; त्या ओव्या पुन्हा मिळावयाच्या नाहीत. कप्प्यांत ४ टेराबाइटची एकेक डिस्क घालावयाची, हे ठरले. मग सर्व्हर चालवणारी ट्रूनॅस ही प्रणाली कोठे बसवावी?

"बाबा, ती १६ जीबीत मावते. तेवढ्यासाठी अख्खा कप्पा?" चिरंजीव म्हणाले. खरे आहे, शिवाय जिच्यावर ती बसते ती डिस्क ती सगळीच बळकावते, तेथे आपले काही ठेवू देत नाही. त्याने पेनड्राइव्ह सुचवला. पूर्वी पुष्कळजण तसे करीत. पण प्रणालीला सतत रोजनिशी लिहिण्याची खोड, आणि साध्या पेनड्राइव्हचा जीव तेवढ्या लिहिण्याला पुरत नाही. अखेर मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेत १२८ जीबीची एसएसडी बसवली. चारही कप्पे मोकळे राहिले.

"अहो, पण ही चिमुकलीच बिघडली तर?" सौभाग्यवतींनी विचारले.

बिघडू दे बापडी! नवी आणावी, प्रणाली पुन्हा बसवावी, मांडणीची जपलेली फाइल तिला द्यावी. चारही डिस्क ती ओळखते आणि ओव्या असतात तेथेच असतात. कारभारी बदलला, कोठी तशीच. फाइल मात्र पेटीबाहेर ठेवावयास हवी. घराची किल्ली कुलपाआड ठेवून कसे चालेल?

संसारात बदलता येण्याजोगे काय आणि न येण्याजोगे काय, हे ओळखून मध्ये एक भिंत घालावी, एवढेच मी यातून घेतले. भिंतीलाही मर्यादा असतेच. एखादी डिस्क गेली तर उरलेल्या भागवतील, अशी मांडणी केली आहे. पण पेटीच चोरीला गेली तर? म्हणून यंदा भाऊबीजेला नागपूरच्या बहिणीच्या तबकात साडीबरोबर एक लहानशी डिस्कही पडणार आहे. आईच्या ओव्यांवर तिचाही हक्क आहेच की!